मला न विचारता

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवरची नजर उचलून काहीतरी विचारलं आणि माझ्या मुलाने मला न विचारता "नाही" म्हणून सांगून टाकलं. तिथली भाषा मला येत नाही, पण तीन आठवडे राहिल्यावर हो आणि नाही एवढं कुणालाही कळायला लागतं. तोवर सगळं रीतसर चाललं होतं. ती विचारायची, तो माझ्याकडे वळायचा, "आई, जेवणाआधी दुखतं की जेवल्यावर?", मी "जेवल्यावर" म्हणायची, तो तिला सांगायचा आणि ती टकटक करून ते आत घालायची. मग तिने खुर्ची जराशी मागे सरकवली, स्वतःच्या ओटीपोटापुढे हाताने एक गोल काढला आणि माझ्याकडे बघत, मध्ये दोनदा थांबत, एक लांबलचक प्रश्न विचारला. मुलाचे कान लाल झाले. वरून खाली लाल होत येतात त्याचे कान, दुसरीत होता तेव्हापासून. तो माझ्याकडे वळला नाही. टेबलाच्या कडेकडे बघत त्याने तो एक शब्द सांगितला, तिने एकच बटण दाबलं, आणि माझ्या अंगाबद्दलचा प्रश्न माझ्या डोक्यावरून गेला तसा परतही आला. तो प्रश्न काय होता ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचं उत्तर हो असं होतं. पाच महिने माझं रक्त जात होतं, आणि माझी पाळी बंद होऊन अकरा वर्षं झाली होती.

आणि मी गप्प बसले. मुलावर रागावले ते नंतर, रस्त्यावर आल्यावर. त्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं, हे कबूल केलेलं बरं, कारण या सगळ्यात मी कुणाबद्दल चांगलं बोलणार नाही आहे, तर स्वतःबद्दल तरी का बोलावं. तपासायच्या पलंगावर पांढऱ्या कागदाची लांब गुंडाळी अंथरलेली होती. मी उतरले तशी डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगाखालचा कागद फर्रकन फाडून टोपलीत टाकला आणि नवा ओढून घेतला. चांगला कागद होता, सरळ तंतूचा, शाई न फुटणारा. मी एकतीस वर्षं नकाशा शाखेत अनुरेखक होते, कागदाकडे माझं आधी लक्ष जातं. अनुरेखक म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवून काढणारी बाई. आपली एकही रेघ त्यात घालायची नाही आणि त्याची एकही सोडायची नाही. एकदा एका नाल्याच्या नकाशावर उंचीचे आकडे उलटे पडलेले मला दिसले, त्या हिशेबाने पाणी चढावर जाणार होतं. मी साहेबांना नेऊन दाखवलं. "बाई, आहे तसं काढा," ते म्हणाले. मी आहे तसं काढलं, अगदी सुबक. नाला बांधून झाला आणि पुढची दोन वर्षं लोकांच्या अंगणात पाणी तुंबत राहिलं. चौकशी झाली तेव्हा अनुरेखकाला कुणी बोलावलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगायला गेले नाही. कळत असून गप्प बसायची मला सवय आहे, त्या सवयीचं मला निवृत्तिवेतन मिळतं.

औषधाच्या दुकानातून त्याने पित्ताच्या गोळ्या घेतल्या. रस्ता धुतल्यासारखा होता आणि माणसं एकमेकांना चुकवत अशी चालत होती की कुणाचा कुणाला धक्का म्हणून लागत नव्हता. मुलगा गोळ्यांच्या खोक्यावरचं वाचून दाखवत होता, सकाळी एक, उपाशीपोटी, चौदा दिवस. त्याचा आवाज हलका झाला होता. परीक्षेचा पेपर सोपा गेला की येताना असाच बोलत यायचा. मी त्याला विचारलं, "शेवटी काय विचारत होत्या त्या?" "कधी?" "शेवटी. हात फिरवून." "ते होय. काही नाही गं, रुटीन. ॲलर्जी वगैरे आहे का." एवढा मोठा गोल काढून कुणी ॲलर्जी विचारत नाही. मी म्हटलं, "बरं." तो म्हणाला, "थंडी वाजतेय का तुला?" आणि माझ्या खांद्यावरची शाल नीट करायला लागला, तर मी त्याचा हात बाजूला केला. शाल मला नीट करता येते.

डॉक्टरकडे जायचं ते परदेशातच, असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं. घरी आमच्या इमारतीच्या खालीच दवाखाना आहे, आमच्या यांच्या मित्राचा. यांना जाऊन सहा वर्षं झाली तरी ते मला वहिनी म्हणतात, आणि त्यांच्या कंपाउंडरला इमारतीतल्या प्रत्येकाचं मूळव्याधीपासून सगळं तोंडपाठ आहे. तिथे काय सांगायचं. आमच्या शाखेत एक मोठ्या बाई होत्या, माझ्या दोन टेबलं पलीकडे. एकदा आम्ही दोघी नळाखाली पेनं धूत होतो आणि त्या म्हणाल्या, "मला पुन्हा सुरू झालंय. तरुण झाले बघ." हसल्या त्या. मी पण हसले. वर्षभरात त्या गेल्या. मध्ये थोडे दिवस कामावर आल्या होत्या, खुर्चीवर रबराची गादी घालून बसायच्या, आणि शाखेतले पुरुष त्या गादीकडे बघून एकमेकांना भुवया उडवायचे. इस्पितळात मी त्यांना बघायला एकदा गेले आणि वॉर्डाच्या दारातूनच परत फिरले. त्यांनी मला बघितलं होतं. पाच महिन्यांपूर्वी पहिला डाग दिसला तेव्हा मला आधी आठवली ती ती गादी, मरण नंतर आठवलं. परक्या मुलखात, परक्या बाईला, जिला माझं नावही नीट उच्चारता येणार नाही, तिला सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असा माझा बेत होता. त्यात बोलायला मुलगा लागेल ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या की माणसाला वाटायला लागतं की आपल्या हातून होत नाहीत.

त्या घरात सगळंच त्याच्यातून जायचं. सून तिथलीच, तिला मराठी येत नाही. ती पाच मिनिटं बोलायची, हात नाचवून, आणि तो म्हणायचा, "ती म्हणतेय, तुला हवं ते घे." मी म्हणायची, "तिला सांग, चार कपांसाठी एवढं मोठं यंत्र लावू नको, मी घासून टाकते." तो दोनच शब्द बोलायचा आणि ती हसायची. माझ्या वाक्यात हसण्यासारखं काही नसायचं. दोन्ही बाजूंचं त्याच्या पोटात जात होतं आणि बाहेर येताना गुळमुळीत होऊन येत होतं. घरात शांतता होती ती त्याच्यामुळे, असं त्याला वाटत असणार. लहानपणीही असाच. माझं आणि यांचं भांडण झालं की या खोलीतून त्या खोलीत निरोप न्यायचा, आणि मध्येच निरोप बदलायचा. "बाबा म्हणतायत, जेवायला ये," म्हणायचा, आणि बाबा तसं काही म्हणालेले नसायचे. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं, चारचौघींत सांगायची मी ते.

दवाखान्यात जायच्या आधीच, मी तिथे आल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी चादरीला डाग पडला होता. दोघं कामावर जायच्या गडबडीत होती. मी न्हाणीघरात गार पाण्याखाली तेवढाच भाग साबणाने चोळला आणि चादर खोलीतल्या हीटरवर टाकली. सून धुण्याची टोपली घेऊन आली, त्या ओल्या गोलाकडे तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चादर उचलून टोपलीत घातली. संध्याकाळी न्हाणीघरातल्या फळीवर माझ्या तेलाच्या बाटलीमागे पॅडचं पाकीट होतं, लपवलेलं, पण मला दिसेल असं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्याशी मला चहात साखर किती एवढंही बोलता येत नाही, तिने माझी चादर वाचून घेतली होती, आणि तोंडातून अवाक्षर न काढता माझी सोय लावून मोकळी झाली होती. मी ते पाकीट वापरलं. वापरलं आणि आठवडाभर तिच्याशी धड वागले नाही. ती चहाचा कप पुढे करायची तेव्हा मी तो टेबलावर ठेवायची खूण करायची, हातातून घ्यायची नाही. तिला ते कळत होतं.

गोळ्यांचे चार दिवस झाले आणि मी मुलाला म्हटलं, "मला मराठी बोलणारा डॉक्टर बघ." रविवारची सकाळ होती, तो स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. "का गं? गोळ्यांनी बरं नाही वाटत?" "नाही." "मग त्याच डॉक्टरांना सांगू ना. चांगल्या आहेत त्या. आमच्या ऑफिसातले सगळे त्यांच्याकडेच जातात." "असतील चांगल्या. मला माझ्या तोंडाने बोलायचंय." "अगं, मी आहे ना सांगायला." "तू आहेस म्हणूनच म्हणतेय." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारीची गंमत चाललीये. मग माझ्याकडे बघितल्यावर हसणं थांबलं, आणि तो म्हणाला, "बघतो," तेही अशा सुरात की मी सोन्याचं काही मागितलंय. तिथल्या मराठी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात त्याने विचारलं. दुपारपर्यंत चौदा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि दोघांनी नावं. "दोन आहेत," तो म्हणाला. "एक दातांचे." "आणि दुसरे?" "जनरल आहेत. पण दीड तास गाडीने जावं लागेल." "बाई आहेत?" "नाही गं. पण फार छान आहेत म्हणे, गमती करतात." मला गमती नको होत्या. पण परतीच्या विमानाला अजून पाच आठवडे होते, आणि त्या आठवड्यात डाग म्हणण्यासारखे राहिले नव्हते, सकाळी उठल्यावर पलंगाची कड धरून उभं राहावं लागत होतं. "ने मला," मी म्हटलं.

दीड तास मी मनात वाक्यं जुळवत होते. खिडकीतून एकसारखी शेतं, एकसारखी गोदामं, आणि मध्येच आवाज अडवायला बांधलेल्या उंच भिंती. अडचण म्हणावं, तर अडचण म्हणजे काय हे बाप्याने समजून घ्यायला हवं. त्रास म्हणावं, तर त्रास दाढेचाही असतो. माझ्या आईने मला या गोष्टीबद्दल आयुष्यात एक वाक्य सांगितलं होतं, तेही माझ्याकडे पाठ करून उभी राहून, आणि त्यात एकही नाम नव्हतं. "आता दर महिन्याला व्हायचं ते," एवढंच. मीही पुढे कुणाला नावाने सांगितलं नाही. यांना सांगायची वेळ आली की कॅलेंडरकडे बघायची, ते समजायचे. पासष्टीला टेकले होते तरी माझ्याच शरीराबद्दल बोलायला माझ्याकडे सगळे शब्द दुसऱ्याच कशाचे तरी उसने होते. त्या डॉक्टरीणबाईंनी हाताने गोल काढून सरळ विचारलं होतं, त्यांच्या भाषेत त्याला शब्द असणार, घरातल्या भांड्याकुंड्यांना असतात तसे. आणि मी त्यांना टाकून चालले होते कुणाकडे तर ज्याच्या भाषेत ते नाहीत त्याच्याकडे. हे गाडीतच माझ्या लक्षात आलं होतं. पण मुलगा इतका खूश होऊन गाडी चालवत होता, आईची हौस पुरवतोय म्हणून, की गाडी वळव म्हणायलाही मला राग येत होता.

"या काकू, या. पाय जपून, पायरी आहे." इतकं स्वच्छ मराठी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. डॉक्टर तशी वाटच बघत होते, माझ्या आधी बऱ्याच जणींच्या डोळ्यांत आलं असणार. पन्नाशीचे, गोरे, तुळतुळीत दाढी केलेले, टेबलावर गुडघ्याच्या सांध्याचा प्लास्टिकचा नमुना, आणि बोलता बोलता तो गुडघा उघडायचा-मिटायचा चाळा. मी मुलाला म्हटलं, "तू बाहेर बस." तो उठलाही होता. "अहो, असू द्या की त्याला," डॉक्टर म्हणाले, "आपल्यात कसली आलीये औपचारिकता? या लोकांचं वेगळं. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आई तिकडे, हा इकडे. आपलं तसं आहे का? बस रे, बस तू." "मला जरा बोलायचं होतं..." "बोला की, मनसोक्त बोला. मला तरी दुसरं काय हवंय? इथे दिवसभर घसा खरवडून यांची भाषा बोलायची. आज सकाळीच बायकोला म्हटलं, आज एक काकू येणार आहेत, आज जिभेला सुट्टी." मुलगा बसला. मला त्या क्षणी त्या दोघांच्या मुस्कटात दोन द्याव्याशा वाटल्या.

मग माहेर कुठलं, सासर कुठलं, हे काय करायचे, मी काय करायची. अनुरेखक म्हटल्यावर त्यांना गहिवरून आलं, त्यांचे मामा त्याच खात्यात होते. एकोणीस वर्षांपूर्वी आपण दोन बॅगा घेऊन कसे आलो आणि पहिल्या वर्षी फोनवर आईचा आवाज ऐकून कसे रडलो हे त्यांनी सांगितलं. आई येऊन राहिली नाही कधी, म्हणाली तिथे बोलायला कोण आहे. "आता वाटतं, आणायला हवी होती," असं म्हणून त्यांनी गुडघा मिटला. मुलगा मान हलवत होता. दोघांनाही आपापल्या आया आठवत होत्या आणि मी समोरच्या खुर्चीवर नुसती निमित्ताला बसलेली होते. खाली जड वाटायला लागलं होतं. खुर्चीला कापड होतं, फिकट राखी रंगाचं, आणि उठल्यावर काय दिसेल या एकाच विचाराने मी पाय जुळवून बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, "बरं, पोटाचं काय म्हणता? शौचाला साफ होते का? रंग कसा असतो? वेळ ठरलेली आहे?" हे मात्र ते मोकळेपणाने विचारत होते, चवीने म्हटलं तरी चालेल. त्या विषयाला आपल्यात बंदी नाही. मी उत्तरं दिली. त्यांनी पलंगावर निजवून पोट दाबलं, बेंबीच्या वर, डावीकडे, उजवीकडे, आणि खाली यायची वेळ आली तशी बोटं उचलली. "गॅस आहे," ते म्हणाले. "आपल्या लोकांना इथलं पाणी बाधतं."

पुन्हा खुर्चीवर आल्यावर त्यांनी मुलाने सोबत आणलेलं आधीच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र उघडलं. बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं आणि एका ओळीवर थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पत्राकडे बघितलं. एवढा वेळ पाण्यासारखं वाहणारं त्यांचं मराठी आटलं. "बाकी काकू, बाकी सगळं..." असं म्हणून ते थांबले, आणि मग खुर्ची वळवून माझ्या मुलाला त्यांनी तिथल्या भाषेत विचारलं. शर्टाच्या शेवटच्या गुंडीपुढे हाताने एक गोल काढला, लहानसा. मी दीड तास गाडीतून आले होते ते याचसाठी. मुलाचे कान वरून लाल होत आले. त्याने टेबलाच्या कडेकडे बघितलं, आणि तो तोच शब्द बोलला.

"त्याला विचारू नका," मी म्हटलं. "मला विचारा."

डॉक्टर म्हणाले, "नाही, ते आपलं सहज..."

"सहज नाही विचारलंत. माझं रक्त जातंय. पाळी बंद होऊन अकरा वर्षं झालीत आणि पाच महिने झाले मला खालून रक्त जातंय. आधी डाग होते. आता रोज जातं, गाठी पडतात. आत्ताही जातंय, या खुर्चीवर. तुम्ही ज्याला विचारताय त्याच्या अंगातून नाही जात ते."

आवाज मोठा झाला होता, बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेला असेल, पण त्यांना काय कळणार होतं. खोलीत कळणारे दोघेच होते आणि दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. मला भीती वाटत होती ती आता वाटत नव्हती. नुसता राग होता, स्वच्छ, आणि त्याने पाठ ताठ झाली होती. डॉक्टरांनी तो प्लास्टिकचा गुडघा उचलून मागच्या फळीवर ठेवला. परत वळले तेव्हा त्यांचा चेहरा दुसराच होता, आणि खरं सांगायचं तर तो मला आधीच्यापेक्षा बरा वाटला. "पाच महिने," ते म्हणाले. "वजन उतरलंय?" "हो." "चक्कर?" "सकाळी." "घरी कुणाला दाखवलं होतं?" "नाही." "का?" "तुम्ही का नाही विचारलंत मघाशी, तसंच." त्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, "हे बघा, या वयात असं रक्त जाणं साधं धरायचं नसतं. कधी कधी साधंही निघतं. पण आधी वाईट ते नाही ना हे बघावं लागतं. आतला तुकडा काढून तपासावा लागेल. आज, उद्यावर नको. मी इस्पितळात फोन करतो." त्यानंतर शेवटपर्यंत काकू म्हणाले नाहीत. दार ओढून घेतलं त्यांनी, हळूच.

आम्ही दोघंच उरलो. मुलगा उठून खिडकीशी गेला, परत आला, बसला. "आई, मला सांगायचं नाहीस का," तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, म्हणजे दुखावलेलाही तोच. मी म्हटलं, "तुला विचारलं होतं त्यांनी. दोनदा." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला, "तिने सांगितलं होतं मला. चादरीचं. मागेच." "मग?" "मी म्हटलं, तसं काही नसेल." "आणि डॉक्टरांनी विचारल्यावर?" "मला तुला विचारता येईना, आई. तोंडातून शब्दच येईना. वाटलं, तसंच काही असेल तर तू आपण होऊन सांगशील." म्हणजे हा जाणत होता. मला वाटलं होतं हा लाजला, आणि लाज मला समजते, मीच त्याला शिकवली ती. पण हा इतके दिवस मला पित्ताच्या गोळ्या मोजून देत होता आणि जाणत होता. सून त्याला काय काय म्हणाली असेल आणि त्यातलं माझ्यापर्यंत काय आलं असेल. मला त्याच्याकडे बघवेना. सुनेशी मी आठवडाभर जे वागले ते आता परत घेता येणार नव्हतं, आणि तिला ते सांगायचं म्हटलं तरी यालाच सांगावं लागणार होतं.

दार उघडून नर्स आली. धिप्पाड, पायात पांढरे बूट, हातात पाटीला लावलेला कागद. इस्पितळात पाठवायचा फॉर्म असावा. तिने माझ्या शेजारी स्टूल ओढलं, माझ्या मनगटाला हात लावला, आणि मुलाकडे बघून पहिला प्रश्न विचारला. डॉक्टर काचेपलीकडे फोनवर होते, पाठमोरे. मुलगा माझ्याकडे वळला. या वेळी वळला. "आई, ती विचारतेय, वय." "त्रेसष्ट पूर्ण." "ब्लडप्रेशर, डायबेटिस?" "नाही." "ऑपरेशन काही?" "नाही." "बाळंतपणं किती?" "एक. ते तुला माहीत आहे." त्याने तिला सांगितलं. तिने लिहिलं आणि पुन्हा काहीतरी विचारलं, आणि तो थांबला. मला वाटलं आता हा त्याच्या मनाने ठोकून देतो. तो माझ्याकडेच बघत राहिला. मी त्याला मदत करायची म्हटली असती तर करू शकले असते, बायकांना तो प्रश्न कळतो. मी केली नाही. नर्स वाट बघत होती, मीही.

"ती विचारतेय," तो म्हणाला, "एकूण किती वेळा तुला... किती वेळा दिवस राहिले होते."

"चार."

"चार?"

"तुझ्या आधी दोन गेली. तुझ्यानंतर एक, सहा महिने झाले होते. तू बालवाडीत होतास, तुला दोन दिवस शेजारच्यांकडे ठेवलं होतं. मुलगी होती."

नर्सने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कागदावर पेन टेकवून तसंच धरून ठेवलं.

"सांग तिला," मी म्हटलं.